आग्वासकालिएन्तेसचा ट्रॅक: श्रेय उंचीचं किती, पायांचं किती

घड्याळाशी शर्यत असेल तर मेक्सिकोतल्या आग्वासकालिएन्तेसच्या बिसेंतेनारियो वेलोड्रोमला (सायकल शर्यतींच्या ट्रॅकला) आमच्याकडून पैकीच्या पैकी गुण. 250 मीटरचा बंदिस्त लाकडी ट्रॅक, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,880 मीटर उंचीवर. इथली हवा पाचव्या हिश्शाने विरळ, म्हणून ती कापायला जोर कमी लागतो.

याच ट्रॅकवर 7 ऑक्टोबर 2016 रोजी मेक्सिकोच्या जेसिका सालासारने उभ्या सुरुवातीची (थांबलेल्या सायकलवरून, एकटीने घड्याळाशी) 500 मीटर टाइम ट्रायल 32.268 सेकंदांत मारून विश्वविक्रम केला. ताशी सरासरी जवळजवळ 55.8 किलोमीटर, तीही शून्यातून. 'उंचीचा विक्रम' म्हणून तो बाजूला सारणं आम्हाला मुळीच पटत नाही. डिसेंबर 2013 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ॲना मियर्सने विश्वविक्रम केला तोही इथेच: 32.836. तेच लाकूड, तीच उंची, आणि सालासार अर्ध्या सेकंदाहून जास्त पुढे. शेवटच्या वेगाने मोजलं तर हे अंतर नऊ-दहा मीटरचं होतं. दुर्दैव एवढंच की 2004 च्या अथेन्सनंतर ही शर्यत ऑलिंपिकमध्ये उरलीच नव्हती. त्याच अथेन्समध्ये मेक्सिकोच्याच बेलेम गेरेरोने पॉइंट्स रेसचं (ठरावीक लॅपनंतरच्या स्प्रिंटमध्ये गुण मिळवण्याच्या शर्यतीचं) रौप्य जिंकलं, म्हणून मेक्सिकोत तिचं नाव घरोघरी पोचलं. सालासारचं काम त्याहून कमी मोलाचं नाही.

इथे उतरणाऱ्यांनी आधी गिअर ठरवावा. 60 दातांचं चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक) आणि 15 दातांचा कॉग (मागच्या चाकाचं दातेरी चाक) लावला तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 8.4 मीटर जाते. ताशी 62 किलोमीटरला मिनिटाला 123 फेरे पडतात. विरळ हवेत याहून जड गिअर ओढता येतो, पण सायकल धरून ठेवणाऱ्या स्टार्ट गेटमधून निघताना हवेची काहीच मदत नसते. जडपणाचा मोह झाला की पहिला अर्धा लॅप हातचा जातो. फार हलका ठेवला तर दुसऱ्या लॅपमध्ये पाय नुसतेच गरगरतात.

अर्ध्या मिनिटाच्या शर्यतीत प्राणवायूची उणीव फारशी नडत नाही. तासाच्या विक्रमात (एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याच्या) मात्र तीच मुख्य अडचण. इटलीच्या व्हित्तोरिया बुस्सीने 2023 मध्ये इथे 50.267 किलोमीटर कापले, म्हणजे 201 लॅप, प्रत्येकी 17.9 सेकंदांचा. समुद्रसपाटीवरचे वॅट (पायांचा जोर) इथे पहिल्या दहा मिनिटांत लावले तर पुढे ते भरून निघत नाहीत. लॅपचं अंतर जिच्यावर मोजतात त्या काळ्या रेषेपासून वीतभर वर राहिलात तरी दर लॅपला मीटरभर वाया, तासाभरात जवळपास 200 मीटर. गरम हवा आणखी विरळ होते म्हणून हॉल तापवून मागणाऱ्यांनी अंगातली उष्णताही हिशेबात धरावी.

मॅडिसन (जोडीने आळीपाळीने धावण्याची शर्यत) किंवा पॉइंट्स रेसच्या सरावासाठी हा ट्रॅक आम्ही सुचवणार नाही. इथली लॅपची वेळ कमी उंचीवरच्या ट्रॅकवर फसवते.