बोललेलं लिहून दाखवणारं अ‍ॅप : वर्गात आणि घरी काही महिने वापरल्यावर

शाळा सुरू झाल्यापासून वापरतेय, वर्गातही आणि घरीही, म्हणून आता सविस्तर लिहिते. मी पुण्यात पेठेतल्या एका मराठी शाळेत सातवीला इतिहास शिकवते, वर्गातल्या एका मुलीला दोन्ही कानांना मशीन आहे. लोकांना वाटतं मशीन लावलं म्हणजे झालं, पण तसं नसतं हो, ते माझ्या आवाजाबरोबर पंखा, बाकं सरकवणं, खालून जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न सगळंच मोठं करतं. त्यात मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलनं उतरतो, आणि मी फळ्याकडे वळले की ओठही दिसत नाहीत, मग तिच्यासाठी माझं वाक्य अर्धं गेलंच.

अशी अ‍ॅप्स आता बरीच आहेत. गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब 2019 मध्ये आलं, ते करताना अमेरिकेतल्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठाला सोबत घेतलं होतं. कुठलंही घ्या, पण आधी माईक घ्या. नुसता टॅब तिच्या बाकावर ठेवला तेव्हा निम्मे शब्द गायब होत होते, तपकीर गल्लीतून वायरलेस कॉलर माईक आणून पदराला लावला तर त्याच दिवशी फरक पडला.

रोजचं मराठी छान येतं, आकडे तर फारच चांगले. पुरंदरचा तह, 1665, 23 किल्ले, सगळं पटापट उमटलं. अडतं ते नावांशी. ‘जेधे शकावली’चं (शिवकाळातल्या घटनांची तारीखवार नोंद) ‘जेधे शिकवली’ झालं आणि तिनं हात वर करून विचारलं, “बाई, काय शिकवली?” तेव्हापासून धड्यातली सगळी नावं तास सुरू व्हायच्या आधीच फळ्यावर लिहिते, त्याचा फायदा अख्ख्या वर्गाला झाला. अजून एक, ती स्क्रीन वाचत असते तेव्हा नकाशा बघू शकत नाही, म्हणून नकाशावर काही दाखवायचं असलं की मी आधी बोलून घेते, मग थांबते, मग बोट ठेवते.

पण खरा बदल मुलांच्या बोलण्यात झालाय. माईक एकच, त्यामुळे उत्तर देणारा तो हातात घेतो, बाकीचे थांबतात, आणि समोर अक्षरं उमटताना दिसतात म्हणून वाक्य पूर्ण करतात. आधी ही मुलगी सगळ्याला “हो बाई” म्हणायची, कळलं असो नसो. परवा एकजण म्हणाला महाराजांनी सगळे किल्ले देऊन टाकले, तर हिनं माईक मागून घेतला, “सगळे नाही, 23 दिले, 12 स्वतःकडे ठेवले.” मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

बाकावरची कुजबुज, मागून आलेला विनोद, हे मात्र तिच्यापर्यंत पोचत नाही. वर्ग हसतो आणि ती सगळ्यांची तोंडं बघते, मला फार लागतं ते. आता शेजारची मैत्रीण वहीच्या कोपऱ्यात लिहून दाखवते, तेवढं कुठलंच अ‍ॅप करत नाही.

घरी सासऱ्यांसाठी, म्हणजे अप्पांसाठी लावलं, त्यांनाही कमी ऐकू येतं. जेवताना चौघं एकदम बोललो की कोण काय म्हणालं ते कळत नाही, सगळी खिचडी, आणि गणपतीच्या आधी ढोल-ताशाची प्रॅक्टिस सुरू झाली की संध्याकाळी खिडक्या लावूनच बसावं लागतं. पण दोघं-तिघं असलो की उत्तम. मुलाच्या नव्या फ्लॅटचं बोलणं चाललं होतं, अप्पा मधेच म्हणाले, “पण मग डिपॉझिट किती ठरलं?” आधी अर्ध्या तासाच्या बोलण्यातून त्यांच्या वाट्याला “काही नाही अप्पा, नंतर सांगते” एवढंच यायचं आणि ते नंतर कधी यायचंच नाही. आता ते प्रश्न विचारतात, सल्ला देतात, चिडतातसुद्धा.

आमच्याकडे मराठीला नेट लागतं, म्हणून शाळेत हॉटस्पॉट चालू ठेवते. वायरलेस माईक भिंतीपलीकडेही ऐकतो, स्टाफरूममध्ये जाण्याआधी आठवणीनं बंद करा. घरी कुणी पाहुणे आले तर बोललेलं इथे लिहून येतंय हे आधी सांगा, आणि सेव्ह होतंय का ते सेटिंगमध्ये बघून घ्या. माईकची बॅटरी मधल्या सुट्टीनंतर मान टाकते, त्यामुळे सुट्टीत चार्जिंगला लावायचं काम वर्गातल्या मुलांनीच वाटून घेतलंय. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, नावं नीट ओळखायला लागलं की पाचवा.