अनरेड : लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना चांगलं, पण मूव्हर आधी नीट लावून घ्या

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात लग्नाची कामं करणाऱ्या स्टुडिओवाल्यांसाठी मुद्दाम लिहितोय. फोरके शंभर एमबीपीएसला शूट केलं की एका कॅमेऱ्याचे तासाला ४५ जीबी होतात, त्यात हळदीपासून वरातीपर्यंत दोन-तीन कॅमेरे, मग सगळं एसएसडीवर ठेवणं परवडत नाही आणि सगळं हार्डडिस्कवर टाकलं तर एडिटर टाइमलाइन ओढतच बसतो. म्हणून शहापूरच्या आमच्या स्टुडिओत एका जुन्या पीसीवर अनरेड बसवलंय, म्हणजे वेगवेगळ्या डिस्का एकत्र वापरून पीसीचा फाइल सर्व्हर करणारी ऑपरेटिंग सिस्टीम. नवं काम एसएसडीच्या पूलवर (वेगवान गटावर) येतं, जुनं झालं की मोठ्या हार्डडिस्कच्या ॲरेवर (साठवणीच्या गटावर) जातं, आणि ही ने-आण अनरेडमधलाच मूव्हर नावाचा प्रोग्राम करतो.

मला सगळ्यात भावलेलं म्हणजे फाइल एसएसडीवरून हार्डडिस्कवर गेली तरी तिचा पाथ बदलत नाही. शेअर, म्हणजे नेटवर्कवरचं फोल्डर, एकच दिसतो, आत फाइल कुठल्या डिस्कवर आहे ते एडिटरला कळायचं कारणच नाही. वर्षभराने निपाणीचं गिऱ्हाईक येऊन म्हणतं दादा त्या व्हिडिओतलं तेवढं गाणं बदलून द्या, तेव्हा जुना प्रोजेक्ट उघडला की सगळ्या क्लिपा जागच्या जागी, "मीडिया ऑफलाइन"ची लाल पाटी नाही. डिस्का हाताने बदलणाऱ्याला याची किंमत कळेल बघा.

आता मूव्हर. मुळात तो रोज पहाटे ३:४० ला सुरू होतो आणि उघडी फाइल सोडून पूलवरचं त्या शेअरचं सगळं खाली ढकलतो, काम चालू आहे की संपलंय हे तो बघत नाही. आपल्याकडे अल्बम आणि हायलाइट महिना-दोन महिने चालतात, त्यामुळे मूव्हर ट्यूनिंग नावाचं प्लगिन टाकायलाच पाहिजे, त्यात इतक्या दिवसांपेक्षा जुनं तेवढंच हलव, पूल इतका भरल्यावरच हलव असं सांगता येतं. आणि तिथे सीटाइमचा पर्याय चालू करा. कार्डवरून कॉपी करताना फाइलची मॉडिफाइड तारीख बहुतेक वेळा शूटिंगच्या दिवसाचीच राहते, म्हणजे दोन महिन्यांपूर्वीचं लग्न आज एडिटला घेतलं तर मूव्हरला ते जुनंच वाटणार आणि आज रात्रीच खाली जाणार. सीटाइम फाइल इथे कधी आली त्यावरून चालतो.

एसएसडी दोन घ्या आणि मिरर करा (दोन्हींवर तोच डेटा), कारण पॅरिटी, म्हणजे एखादी डिस्क गेली तर तिच्यातला डेटा परत उभा करून देणारी जादा डिस्क, फक्त ॲरेला असते, पूलला नाही, आणि ताजं शूटिंग नेमकं पूलवरच असतं. पॅरिटीची डिस्क ॲरेतल्या सगळ्यात मोठ्या डिस्कएवढी तरी हवीच.

जुना डेटा आणताना घाई नको. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला साधारण ११० एमबी मिळतात, ४ टीबीला दहा तास गेले समजा, तेही पॅरिटी चालू असली तर ॲरेवर लिहिणं आणखी हळू. आम्ही जुनी डिस्क थेट सर्व्हरलाच जोडून आरसिंक या कॉपीच्या कमांडने डेटा घेतला, मग चेकसमसकट (फाइलींचा मजकूर ताडून बघत) ती पुन्हा एकदा चालवली, दुसऱ्यांदा काही कॉपी होत नाही हे बघूनच जुनी डिस्क मोकळी केली. एक गोष्ट मात्र जीवावरची आहे, कॉपी करताना एका बाजूला ॲरेतल्या एखाद्या डिस्कचा थेट पाथ आणि दुसऱ्या बाजूला यूजर शेअरचा (सगळ्या डिस्का मिळून दिसणाऱ्या त्या फोल्डरचा) पाथ कधीही देऊ नका, दोन्हीकडे तीच फाइल निघाली तर ती स्वतःवरच लिहिली जाऊन रिकामी होते.

पावसाळ्यात खानापूरकडे लाईट कशी जाते ते सांगायला नको, तर यूपीएस यूएसबीने जोडा, सेटिंग आतच आहे, बॅटरी उतरली की मशीन स्वतः नीट बंद होतं. नाहीतर लाईट आल्यावर आपोआप पॅरिटी चेक (सगळ्या डिस्का पॅरिटीशी ताडून बघणं) लागतो आणि मोठ्या डिस्कांवर तो दिवसभर चालतो, एडिटिंगची बोंब.

ॲरेतली प्रत्येक डिस्क स्वतंत्र फाइल सिस्टीमची असते, त्यामुळे पॅरिटी एकच असताना दोन डिस्का बिघडल्या तरी उरलेल्या कुठल्याही लिनक्स मशीनवर उघडतात, हा मोठाच धीर आहे. तरीपण पॅरिटी म्हणजे बॅकअप नव्हे, चुकून डिलीट झालेलं ती परत देत नाही, म्हणून फायनल व्हिडिओची एक कॉपी आम्ही टिळकवाडीला घरी ठेवतो.

सॉफ्टवेअर फुकट नाही. २०२४ पासून लायसनचे प्रकार बदललेत, छोट्या स्टुडिओला सहा डिस्कांचं स्टार्टर पुरतं : दोन एसएसडी, एक पॅरिटी, तीन डेटाच्या.