‘कैऱ्यां’च्या ‘कैर्या’ करणारे साधन : आठ महिन्यांच्या वापरानंतर

वहिनींचा लोणची-मसाल्यांचा गृहउद्योग ठाण्यात घरूनच चालतो आणि त्याचे संकेतस्थळ, फेसबुक पान, इन्स्टाग्राम खाते व गूगलवरील व्यवसायाची नोंद सांभाळण्याचे काम, घरात संगणकासमोर सर्वांत जास्त वेळ बसणारा माणूस या एकाच पात्रतेवर, माझ्याकडे आले आहे. फेब्रुवारीत आम्ही पोस्ट आगाऊ लावून ठेवण्याचे एक परदेशी साधन वर्षभरासाठी घेतले. त्याचे नाव लिहीत नाही. अशा साधनांत काय काय असते हे बहुतेकांना ठाऊक असल्यामुळे सुविधांची यादीही देत नाही.

महिना 9 डॉलर हा आकडा जाहिरातीत किरकोळ वाटतो, परंतु वर्षाचे 108 डॉलर एकरकमी भरले, त्यावर बँकेने परकीय चलनाचे शुल्क लावले आणि हिशेब साडेनऊ हजारांच्या घरात गेला. एवढे पैसे सुटायला लोणच्याच्या किती बरण्या विकाव्या लागतात हे वहिनींनी मला बोटांवर मोजून दाखवले होते, आणि पुढील सर्व मजकुरामागे त्या बरण्या आहेत हे मान्य करतो.

पहिले दोन महिने मी समाधानी होतो. रविवारी दुपारी बसून आठवड्याच्या पोस्ट लावाव्यात, वहिनींनी त्या मोबाइलवर पाहून मंजूर कराव्यात आणि त्या फेसबुक, इन्स्टाग्राम आणि गूगल अशा तिन्ही ठिकाणी ठरल्या वेळी आपोआप जाव्यात, ही सोय खरोखर मोठी आहे. पूर्वी वहिनी फोडणी गॅसवर ठेवून फोटो टाकत असत, ते थांबले. त्या वेळी हे परीक्षण लिहिले असते तर ते कौतुकाचेच झाले असते.

एप्रिलमध्ये लग्नसराईसाठी आम्ही घाऊक विक्रीची पोस्ट केली. मी लिहिले होते, ‘लग्नसमारंभाच्या आचाऱ्यांना मसाले घाऊक दरात मिळतील.’ प्रत्यक्षात प्रसिद्ध झाले ते ‘आचार्यांना’. स्वयंपाक करणारे आचारी गेले आणि विद्यादान करणारे आचार्य आले. दुपारपर्यंत एका नेहमीच्या ग्राहकाने खाली विचारले होते की निवृत्त प्राध्यापकांनाही हा दर लागू आहे का. मी हसून दुरुस्ती केली. पुढच्या आठवड्यात लोणच्याच्या ‘कैऱ्या’ प्रसिद्ध होताना ‘कैर्या’ झाल्या, मग ‘भाकऱ्यां’सोबतच्या ठेच्याची तीच गत झाली, आणि तेव्हा मात्र हसू येईना. ज्यांना हा दोष क्षुल्लक वाटेल त्यांनी मराठीत चार वाक्ये ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’, ‘घेणाऱ्यांना’ असे शब्द टाळून लिहून पाहावीत. खाद्यपदार्थ विकणाऱ्याच्या पानावर शुद्धलेखनाची चूक म्हणजे बरणीच्या झाकणावरचा तेलाचा ओघळ असतो; आतला माल कितीही चांगला असला तरी गिऱ्हाइकाचा हात क्षणभर थबकतो.

तक्रार नोंदवली. पहिले उत्तर आले की ब्राउझरची साठवण पुसून पाहा. ती पुसली. दुसऱ्या उत्तरात स्क्रीनशॉट मागितले. ते पाठवले, त्यावर लाल वर्तुळेही काढली. तिसरे उत्तर मी जपून ठेवले आहे. त्यांनी आमचा मजकूर हिंदीत तपासला होता आणि हिंदीत सर्व काही व्यवस्थित दिसत असल्यामुळे तक्रार बंद करण्यात येत होती. हिंदीला ‘ऱ्य’ या जोडाक्षराची गरजच पडत नाही, त्यामुळे तेथे ते बिघडणार तरी कसे, हे मी तीन परिच्छेदांत समजावले. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा, हेही लिहिले. त्यानंतर दहा दिवस कोणी काही बोलले नाही.

कोडे सुटले ते आषाढी एकादशीच्या पोस्टमुळे. उपवासाच्या भाजणीची ती पोस्ट वहिनींनी स्वतः मोबाइलवर लिहिली होती आणि शेवटी स्वयंपाक करणाऱ्या बाईचा इमोजी घातला होता. सकाळी पाहतो तर अक्षरे सगळी जागेवर, पण बाई फुटली होती. एकीकडे नुसती बाई आणि तिच्या शेजारी तवा, तव्यात फोडलेले अंडे. उपवासाची भाजणी, खाली अंडे! वहिनींनी फोन करून एवढेच विचारले, ‘भाऊजी, हे तुम्ही केलंत का?’

त्या अंड्याचे मात्र उपकार मानायला हवेत. तो इमोजी मुळात बाई आणि तवा अशा दोन चित्रांचा असतो आणि त्यांना सांधणारे एक न दिसणारे चिन्ह, झीरो विड्थ जॉइनर, मध्ये बसलेले असते. ‘ऱ्य’ लिहिण्याचे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातील अक्षरांच्या जागतिक प्रमाण पद्धतीत, दोन मार्ग आहेत. ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त आणि ‘य’ जोडता येतो, किंवा साधा ‘र’, हलन्त, हेच न दिसणारे चिन्ह आणि मग ‘य’ असेही करता येते. पडद्यावर दोन्ही अगदी सारखेच दिसतात. आमचे साधन पोस्ट पाठवताना मजकूर ‘स्वच्छ’ करते आणि न दिसणारी चिन्हे कचरा समजून झाडून टाकते. सांधा निघाला की बाई तव्यापासून वेगळी होते आणि ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो.

येथे मला माझे मत थोडे बदलावे लागले. वहिनींच्या मोबाइलचा कळफलक सरळ ‘ऱ’ देतो, म्हणून त्यांची अक्षरे कधीच बिघडली नव्हती. माझ्या संगणकावरचे जुने टंकलेखन साधन दुसरा मार्ग घेत होते. म्हणजे ‘तुमच्याकडूनच होतं हे’ असे वहिनी एप्रिलपासून म्हणत होत्या, त्यात निम्मे तथ्य होते. मी भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण इन्स्क्रिप्ट कळफलक सुरू केला, त्यात शिफ्ट आणि जे दाबले की ‘ऱ’ उमटतो, आणि जुन्या मसुद्यांत सगळीकडे अदलाबदल करून घेतली. त्यानंतर एकही कैरी बिघडलेली नाही. तरीही ग्राहकाचा मजकूर त्याला न विचारता बदलणे हा साधनाचाच दोष आहे, आणि हे निदान पुराव्यासह पाठवल्यावर ‘आपली सूचना संबंधित विभागाकडे पोहोचवली आहे’ यापलीकडे काही घडले नाही. इमोजी आजही फुटतात. आम्ही ते वापरणे सोडले.

बाकीचे थोडक्यात सांगतो. अशा साधनातून रील पाठवली की इन्स्टाग्रामच्या संग्रहातले संगीत लावता येत नाही, त्यामुळे रील शेवटी मोबाइलवरूनच टाकावी लागते. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या पोस्ट आगाऊ लावण्याचे काम त्यांच्याच कंपनीचे मेटा बिझनेस सूट हे साधन फुकट करते. आम्ही पैसे मोजले ते त्यात गूगल जोडण्यासाठी आणि मंजुरीच्या सोयीसाठी. दिवाळीतल्या सुट्टीच्या वेळा गूगलवर हातानेच बदलाव्या लागल्या. आणि खरी विक्री जेथे होते त्या व्हॉट्सॲपपर्यंत आमचे साधन पोहोचतच नाही. तेथील ब्रॉडकास्ट यादीत 256 जण मावतात आणि ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच संदेश मिळतो, म्हणून वहिनी प्रत्येक पार्सलमध्ये ‘नंबर सेव्ह करा’ अशी चिठ्ठी घालतात. माझ्या आठ महिन्यांच्या पोस्टपेक्षा त्या चिठ्ठ्यांनी जास्त बरण्या विकल्या असाव्यात, असा मला दाट संशय आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरून आपोआप पैसे कापले जाण्याच्या किमान 24 तास आधी सूचना येते, परंतु मी तेवढीही वाट पाहिली नाही आणि गेल्या आठवड्यात कार्डावरची परवानगी काढून टाकली. वहिनींना मंजुरीची सोय सोडवत नाही, फेब्रुवारीपर्यंत त्यांचे मन वळवायचे आहे. तोवर चकलीच्या भाजणीच्या पोस्ट लावून झाल्या आहेत. ‘आगाऊ मागणी नोंदवणाऱ्यांना’ हा शब्द त्यात पाच वेळा आहे आणि तो पाचही वेळा मी वहिनींच्या मोबाइलवरून लिहून घेतला आहे.