आवडता बँड, मित्रांची टोळी: पणजीचा मोकळा मंच की हणजूणचा क्लब?

गोव्यात बँड लाइव्ह ऐकायचा बेत आखताना रात्रीचे दहा आधी लक्षात घ्यायचे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर वाजवता येत नाही. सण-उत्सवांसाठी सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण तीही वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस. बंदिस्त सभागृहाला ही अट नाही. पणजीतला मोकळा मंच आणि उत्तर गोव्याच्या हणजूण (अंजुना), आसगाव, शिवोली पट्ट्यातला छोटा क्लब यांच्यातले बरेचसे फरक या एका नियमातून निघतात.

मोकळ्या मंचावर मुख्य बँड साधारण साडेआठला चढतो आणि दहाला आवाज बंद. साउंडचेक लांबला किंवा आधीचा बँड रेंगाळला की कात्री शेवटच्या दोन-तीन गाण्यांना लागते, आणि सगळे ज्यासाठी आलेले असतात ते गाणं नेमकं तिथेच राखून ठेवलेलं असतं. ‘वन्स मोअर’ विसरा. क्लबात उलट: पोस्टरवर नऊ, पण पहिला ठोका पडायला साडेदहा वाजतात. वेळेवर पोचलेली मंडळी दीड तास खात-पीत बसतात, आणि मालकाची त्याला हरकत नसते.

आवाजाचं गणित बँडवर ठरतं. कोचीचा ‘व्हेन चाय मेट टोस्ट’ घ्या. बँजोची किणकिण आणि एकत्र गायलेली धून हेच त्यांचं बलस्थान. छोट्या खोलीत ड्रम माइकशिवायही इतका मोठा वाजतो की असे नाजूक स्वर आणि शब्द त्याखाली दबतात. बेंगळुरूच्या ‘परवाझ’सारखा हळूहळू चढत जाणारा, गिटारवर उभा असलेला रॉक मात्र खोलीत अंगावर येतो. जागा कुठे धरायची? पहिली रांग नको. तिथे गिटारचे अँप आणि ड्रम थेट कानात येतात, गायकाचा आवाज मात्र बाजूच्या स्पीकरांतून निघून डोक्यावरून पुढे जातो. कोपराही नको, तिथे बेस साचतो. साउंड इंजिनिअरच्या टेबलासमोर उभं राहा. सगळं मिश्रण तो तिथल्याच कानांनी ठरवत असतो. मोकळ्यावर वारा उंच स्वर इकडेतिकडे नेतो, आणि मंचापासून ३४ मीटरवर आवाज सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोचतो, म्हणून मागून बघताना ड्रमरची काठी आधी पडते आणि ठोका नंतर येतो.

क्लबाला जाणार तर इअरप्लग न्या. ८५ डेसिबल आठ तास चालतात, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो; १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. फोमचे बोळे वरचे स्वर जास्त खातात आणि गाणं गोधडीखालून आल्यासारखं लागतं. संगीतासाठीचे फिल्टरवाले घ्या.

आता खरी अडचण: परतणं. पणजीत दहाला सुटलात तर शागोतीचा रस ओतलेलं रोस ऑम्लेट आणि पाव गाड्यावर उभ्याउभ्या खाऊन वेळेत घरी पोचता. कदंबच्या बसचा मात्र रात्री भरवसा धरू नका. हणजूणहून दीडला निघालात तर बस नाही, पायलट (मोटारसायकल टॅक्सी) नाही, ओला-उबर तर गोव्यात चालतच नाही. गोवा माइल्स या अ‍ॅपवरची टॅक्सी ऐनवेळी मिळेलच असं नाही. येतानाच्या टॅक्सीवाल्याशी परतीचं भाडं आणि वेळ आधीच ठरवा. भाड्याची स्कूटर घेणार असाल तर नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना, ते पाहा. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि नाक्यावर अडकता तुम्ही. हेल्मेटं दोन मागून घ्या. मॅप मांडवीवरच्या अटल सेतूवरून नेतो, पण तिथे दुचाकीला बंदी आहे. मांडवीचे जुने पूल धरा. आणि चालवणाऱ्याने प्यायची नाही. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

पैशांचं थोडक्यात: डिसेंबरात पणजीत भरणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात प्रवेश फुकट असतो, मात्र नोंदणी आधी करावी लागते. क्लबात ‘कव्हर चार्ज (प्रवेशाचे पैसे) खाण्यापिण्यात वळता होतो का’ एवढा एक प्रश्न दारातच विचारा. टोळीचं बिल तिथेच फिरतं.

फोंडा, डिचोली किंवा सावंतवाडीहून पाच-सहा जण येत असतील आणि राहायची सोय नसेल, तर पणजीच. म्हापशात किंवा हणजुणातच कुणाकडे मुक्काम असेल आणि बँड जोरकस वाजवणारा असेल, तर क्लब. पाळोळ्यातल्या हेडफोन पार्ट्या या तुलनेत बसत नाहीत. दहाच्या नियमावरची ती युक्ती डीजेंना सोयीची, समोर खराखुरा ड्रम असला की निरुपयोगी.

जून ते सप्टेंबर तर प्रश्नच मिटतो, मोकळा मंच नसतोच. त्या दिवसांत क्लबाला जाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत आणि कोरडा शर्ट सीटखाली ठेवा. भिजून एसीत उभं राहिलं की दुसऱ्या गाण्याला दात वाजायला लागतात.