कोडाचा डाग: ट्रेसिंग की फोटो?
उपचार लागू पडतोय का, हे नुसत्या नजरेने ठरवू नका. सोलापूरच्या उन्हात आजूबाजूची कातडी रापते आणि डाग तेवढाच असून जास्त पांढरा दिसतो. माणसं घाबरून औषध सोडतात, याचं फार वाईट वाटतं.

ट्रेसिंग म्हणजे डागावर पारदर्शक प्लास्टिक ठेवून मार्करने कडा गिरवायची, मग आलेखाच्या कागदावर चौरस मोजायचे. आकार नेमका कळतो. पण रंग बऱ्याचदा केसांच्या मुळांपाशी बारीक ठिपक्यांनी परततो. कडा तशीच राहते, ट्रेसिंगमध्ये ते ठिपके येतच नाहीत.

फोटोत येतात. म्हणून माझी पसंती फोटोलाच: महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, फ्लॅश आणि ब्युटी मोड बंद, शेजारी मोजपट्टी. बोटांच्या टोकांना केस नसतात, तिथे मात्र ट्रेसिंग बरं.