पद्मिनीच्या रेडिएटरवर इलेक्ट्रिक पंखा : इंदूरमधील काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारीचा मूळ पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर बसतो आणि बेल्टच्या जोरावर इंजिनाबरोबर फिरतो. महामार्गावर समोरून येणारा वारा रेडिएटरला पुरेसा असतो, तेव्हा हा पंखा विनाकारण जोरात फिरत राहतो; आणि इंदूरमध्ये राजवाड्याच्या किंवा पलासियाच्या कोंडीत गाडी उभी असते, वारा अजिबात नसतो, तेव्हा इंजिन आयडलिंगवर, म्हणजे किमान फेऱ्यांवर, असल्यामुळे पंखाही मंद पडतो. १०८९ सीसीच्या या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा असला तरी हेड ॲल्युमिनियमचे आहे, आणि ते एकदा तापून वाकले की गॅस्केटपासून खर्चाची रांग लागते. म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर मी मूळ पंखा उतरवून इलेक्ट्रिक पंखा बसवला. त्यानंतर उन्हाळा, पावसाळा आणि थंडी असे तिन्ही ऋतू गाडी नियमित चालवली असून, या सगळ्यातून माझे मत असे झाले आहे की या कामात पंखा ही सर्वांत सोपी वस्तू आहे. काम यशस्वी होते की नाही हे त्याच्याभोवतीचे शराउड, म्हणजे हवेला वाट देणारी पत्र्याची पेटी, आणि त्यामागचे वायरिंग ठरवते.

पंख्याला हात लावण्यापूर्वी रेडिएटर उतरवून त्याचे रॉडिंग (नळ्यांतला गाळ सळीने काढणे) करून घेतले, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडणारी झडप, गरम पाण्यात टाकून तो उघडतो याची खात्री केली आणि रेडिएटरचे ढक्कन नवे घेतले. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे येथे उघडे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळते. ७ पीएसआय दाब धरणारे चांगले ढक्कन हा बिंदू जवळजवळ ११० अंशांपर्यंत नेते, आणि ढक्कनाची स्प्रिंग ढिली असेल तर हा सगळा फायदा हातचा जातो. नळ्या गाळाने बुजलेल्या रेडिएटरला कोणताही पंखा वाचवू शकत नाही, हे आधी ध्यानात घेतलेले बरे.

पंखा मारुती ८०० चा घेतला. छोटी ग्वालटोलीच्या बाजारात तो नवा आणि जुना, दोन्ही मिळतो, आणि उद्या मोटर गेली तर कोणत्याही गावात दुसरी मिळेल, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. तो रेडिएटर आणि इंजिन यांच्यामध्ये, म्हणजे हवा मागे खेचणारा असा बसवला. रेडिएटरच्या जाळीच्या पुढे बसवून हवा ढकलणारा पंखाही चालतो, परंतु गाडी वेगात असताना तो समोरच्या वाऱ्याच्याच वाटेत उभा राहतो. बाजारात अनेक जण प्लॅस्टिकच्या पट्ट्या थेट जाळीतून ओवून पंखा बांधून देतात. ही पद्धत मी ठामपणे नाकारली, कारण थरथरीने त्या पट्ट्या नळ्यांवर घासत राहतात आणि काही महिन्यांत गळती सुरू होते. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्यांवर लोखंडी ब्रॅकेट बसवून, मध्ये रबरी बुश देऊन पंखा टांगला, आणि इंजिन आपल्या माउंटिंगवर हलते हे लक्षात घेऊन मोटर व वॉटर पंपाचे टोक यांच्यात दोन बोटे सहज जातील इतके अंतर राखले.

आता शराउडविषयी सविस्तर लिहितो. मारुतीचा पंखा पद्मिनीच्या जाळीपेक्षा लहान आहे. पहिले काही आठवडे मी तो मुद्दाम शराउडशिवाय चालवून पाहिला. गाडी उभी असताना, पंखा चालू ठेवून, जाळीच्या पुढच्या बाजूला वर्तमानपत्राचा कागद धरला की मध्यभागी तो चिकटून राहायचा, पण कोपऱ्यांत हात सोडताच खाली गळून पडायचा. म्हणजे जाळीचा बराच भाग नुसता पाहत बसला होता. पत्राकाम करणाऱ्या मिस्त्रींकडून संपूर्ण जाळी झाकणारी, सुमारे दीड इंच खोल अशी पेटी करून घेतली आणि कडेने फोमची पट्टी लावली. त्यानंतर तोच कागद चारही कोपऱ्यांत चिकटून राहू लागला. कोंडीत तापमापकाचा काटा पूर्वी ९७-९८ पर्यंत चढत असे, तो मे महिन्याच्या दुपारीही ९२ च्या आसपास थांबू लागला. पंखा तोच, मोटर तीच, वीज तेवढीच.

मात्र बंद पेटीचा एक तोटा आहे. वेगात समोरून येणारी हवा तिच्यात अडते, कारण बाहेर पडायला पंख्याचे गोल तोंड एवढीच वाट उरते. यासाठी पेटीच्या चार कोपऱ्यांत आयताकृती खिडक्या कापून त्यांवर जुन्या ट्यूबच्या रबराच्या झडपा वरच्या कडेने लावल्या. पंखा खेचू लागला की त्या आत ओढल्या जाऊन बंद होतात आणि गाडीने वेग घेतला की वाऱ्याने उघडतात. या झडपांवर माझा विशेष जीव आहे, कारण त्यांच्यामुळे महामार्गावर पंखा जवळजवळ लागतच नाही.

वायरिंगमध्ये काटकसर करू नये. क्लॅम्प मीटरवर माझा पंखा चालू स्थितीत आठ अँपिअरच्या आसपास घेतो, आणि सुरू होतानाचा झटका याच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे जुन्या इग्निशन स्विचमधून थेट वीज देणे धोक्याचे आहे. बॅटरीपासून चार चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीलगत फ्यूज, मग रिले (लहान प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह जोडणारा स्विच) आणि त्यातून पंखा, अशी सरळ रचना केली. पाण्याच्या तापमानावर चालणारा थर्मोस्विच ९२ अंशांना पंखा चालू करतो आणि ८७ ला बंद करतो. रिलेचा इशारा मी इग्निशनवरूनच घेतला आहे. इंजिन बंद केल्यावरही पंखा फिरत राहावा असे काही जाणकार सुचवतात. पण वॉटर पंप थांबला की हेडमधले गरम पाणी रेडिएटरपर्यंत फारसे येत नाही, मग बॅटरी खर्चून थंड होते ती बहुतांशी नुसती जाळी. त्याऐवजी कोंडीतून आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवून मगच किल्ली फिरवतो.

माझ्या गाडीत आधीच्या मालकांनीच बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो काढून त्याजागी आधुनिक अल्टरनेटर बसवलेला होता, म्हणून हे शक्य झाले. डायनॅमो आयडलिंगला जवळजवळ काहीच चार्ज करत नाही, आणि पंखा नेमका आयडलिंगलाच लागतो. हेडलाइट, वायपर आणि पंखा एकदम चालू असताना अल्टरनेटरवरसुद्धा आयडलिंगला व्होल्टेज १२.५ पर्यंत उतरते, थोडा ॲक्सिलरेटर दिला की १३.८ वर येते.

घाटातला अनुभव मात्र वेगळा आहे आणि तो मोकळेपणाने सांगायला हवा. महेश्वरहून परतताना गुजरीपासून मानपूरपर्यंतच्या चढावर, मालवाहू ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये चढताना, इलेक्ट्रिक पंखा सलग चालूनही काटा ९८ पर्यंत गेला. मूळ पंखा अशा वेळी इंजिनाच्या वाढलेल्या फेऱ्यांबरोबर जोरात फिरतो. इलेक्ट्रिक पंख्याची ताकद ठरावीकच राहते. ज्यांची गाडी शहरापेक्षा घाटात अधिक चालते, त्यांनी मूळ पंखा काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिन फार तापलेले नसेल तर पंखा बंदच असतो, त्यामुळे स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर पाण्याचे फवारे उडत नाहीत. वेगात पूर्वी येणारा घरघराट गेला आहे. पेट्रोलच्या बचतीबद्दल मात्र मी कोणताही दावा करणार नाही. मला जाणवण्याइतका फरक पडलेला नाही.

एकच बिघाड झाला. ऐन पावसाळ्यात थर्मोस्विचचे संपर्क आतून गंजले आणि पंखा सुरू होईना. तापमापक वेगळा बसवलेला असल्याने ते लगेच दिसले, आणि डॅशबोर्डखाली थर्मोस्विचला समांतर जोडलेल्या हाताच्या स्विचवर घरी, लोकमान्य नगरपर्यंत, निर्धास्तपणे येता आले. मूळ पंख्यात असा मूक बिघाड होत नाही, बेल्ट तुटला तर चार्जिंगचा दिवा तरी लागतो. म्हणून हाताचा स्विच आणि पंखा चालू असल्याचे दाखवणारा छोटा दिवा, हे दोन्ही पहिल्याच दिवशी बसवून घ्यावेत. पंखा, रिले, वायर आणि शराउड धरून एकूण खर्च पाच हजारांच्या आत राहिला, त्यातला सर्वांत मोठा वाटा पत्राकामाचा होता. गाडीच्या मूळ पत्र्याला कुठेही नवे भोक पाडलेले नाही, आणि जुना पंखा त्याच्या लांब बोल्टांसह जपून ठेवला आहे, त्यामुळे हवे तेव्हा गाडी पूर्ववत करता येते.