बलेनोला टर्बो बसवून चौदा महिने: सगळा घोळ एका नळीचा

माझ्या २००२ च्या १.६ बलेनोला टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवून चौदा महिने झाले, गाडी ११,००० किलोमीटर चालली. पहिले सात महिने कुणी विचारलं तर मी एकच सांगायचो, या भानगडीत पडू नका. आता तसं म्हणत नाही. गॅरेजवरचा राग मात्र गेलेला नाही.

पिस्टन मूळचेच ठेवले, म्हणून बूस्ट, म्हणजे टर्बोनं आत ढकललेल्या हवेचा जादा दाब, ०.४ बारच्या वर नेला नाही. टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, मूळ कॉम्प्युटरला जोडून इंधनाचं प्रमाण बदलणारा पिगीबॅक धरून एक लाख चाळीस हजार गेले. डिझेल गाडीचा जुना टर्बो स्वस्तात मिळत होता, तो मुद्दाम घेतला नाही. पेट्रोलचा एक्झॉस्ट कितीतरी जास्त तापतो, ती टर्बाइन त्या उष्णतेसाठी घडवलेली नसते.

पिकअपबद्दल तक्रार नाही. वैभववाडीकडून करूळ घाट चढताना जिथं दुसरा गिअर टाकावा लागायचा, तिथं आता तिसऱ्यातच गाडी वर जाते. अ‍ॅव्हरेज १३ वरून साडेअकरावर आलं.

तिसऱ्या महिन्यात धूर सुरू झाला. सिग्नलला दोन मिनिटं थांबलं की मागं निळा धूर, आणि ९०० किलोमीटरला एक लिटर ऑइल गायब. गॅरेजनं सांगितलं, टर्बोचं सील गेलंय. कार्ट्रिज (टर्बोचा शाफ्ट-बेअरिंगचा मधला भाग) बदलली, १८,००० रुपये घेतले. तीन आठवड्यांत पुन्हा तोच धूर. मग म्हणाले इंजिनच्या रिंगा गेल्यात, इंजिन खोला. कॉम्प्रेशन तपासून घेतलं, चारही सिलिंडर ठणठणीत. तरी मलाच सांगत होते की जुन्या गाडीला एवढं चालायचंच.

शेवटी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या मामांना गाडी दाखवली. त्यांनी खाली वाकून टर्बोपासून इंजिनखालच्या ऑइल चेंबरपर्यंत जाणाऱ्या परतीच्या नळीवर बोट फिरवलं आणि विचारलं, "हे तेल चढ चढून कसं जायचं?"

दोष तेवढाच होता. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्याला ऑइल पंपाच्या दाबानं येतं, पण परत जाताना मागं कुठलाही दाब नसतो, ते आपल्या वजनानं उतरतं. शिवाय बेअरिंगमधून बाहेर पडताना त्यात हवा मिसळून ताकासारखा फेस झालेला असतो, म्हणून परतीची नळी आत येणाऱ्या नळीपेक्षा बरीच जाड लागते. माझ्या गाडीला १२ मिलिमीटरचा रबरी पाइप होता. तो माउंटिंगला वळसा घालून चार इंच आडवा, मग थोडा वर, आणि चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीखाली घुसवलेला. ऑइल तुंबणारच. टर्बोचं सील म्हणजे पिस्टन रिंगसारखी बारीक कडी, रबरी सील नव्हे. तुंबलेलं ऑइल ती अडवू शकत नाही, ते एक्झॉस्टमध्ये उतरतं आणि जळतं. नवी कार्ट्रिज टाकून काय होणार होतं?

मामांनी चेंबर उतरवून पातळीच्या वर नवं तोंड वेल्ड केलं, पाऊण इंची पाइप सरळ खाली आणला. बावीसशे रुपये. त्यानंतर ४,६०० किलोमीटर झाले, धूर नाही, ऑइल जेमतेम पाव लिटर घातलं. त्या अठरा हजारांची हळहळ मात्र अजून जात नाही. पैसे देण्याआधी गाडी लिफ्टवर घेऊन ती नळी स्वतः बघा. टर्बो कुठल्या कंपनीचा हे नंतर विचारलं तरी चालेल.

पिगीबॅकचा मॅपही (किती हवेला किती इंधन हे ठरवणारा तक्ता) गॅरेजनं जुन्या पेट्रोलचाच टाकला होता. साध्या पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा, तर ई२० ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला, साधारण १३.५. म्हणजे इंधन जास्त लागतं. बूस्टमध्ये ते कमी पडलं तर पिस्टन वितळतो. एक्झॉस्टवरून हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून मी मॅप पुन्हा करून घेतला.

कायद्याचं मी आधी गांभीर्यानं घेतलं नव्हतं, ते माझं चुकलं. गाडीतल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. माझं पासिंग २०२७ मध्ये आहे, म्हणून मूळ मॅनिफोल्ड आणि सायलेन्सर माळ्यावर जपून ठेवलाय.

क्लच अजून मूळचाच. गेल्या आठवड्यात तिसऱ्यात अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर तो पहिल्यांदा घसरला. पुढच्या महिन्यात गिअरबॉक्स उतरवायचाय, तेव्हा नळीचे क्लॅम्पही नवे टाकून घेईन.